शेवटची खाण बंद झाली, मग?

मुलांनो, नकाशाची वही काढा आणि त्यात जर्मनी शोधा बघू. सापडला? आता त्याच्या पश्चिम भागातून वाहणाऱ्या ऱ्हाइन नदीवर बोट ठेवा. तिला पूर्वेकडून ऱ्हूर नावाची एक नदी येऊन मिळते. नदी तशी लहानच, पण तिच्या आसपासचा मुलूख भूगोलाच्या पुस्तकात हमखास भेटतो. एसेन, बोखुम, डॉर्टमुंड, गेल्सेनकिर्शेन, ड्यूसबुर्ग... ही शहरं एकमेकांना इतकी चिकटलेली, की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते पाटी वाचूनच कळावं. सगळी मिळून वस्ती पन्नास लाखांच्या घरात. आणि ही शहरं वाढली ती मुख्यतः एका गोष्टीवर. दगडी कोळसा!

पण आज तुम्ही तिथे गेलात, तर कोळसा खणणारा एकही माणूस तुम्हाला भेटणार नाही. शेवटची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. मग तिथली माणसं गेली कुठे? आणि खाणींचं काय झालं? चला, तेच पाहून येऊ.

पहिला मुक्काम एसेन. इथली त्सोलफेराइन ही खाण एके काळी जगातल्या मोठ्या खाणींत मोजली जायची. लांबूनच एक लोखंडी मनोरा दिसतो. उंची ५५ मीटर, म्हणजे जवळजवळ अठरा मजली इमारतीएवढी! त्याच्या माथ्यावरच्या चाकांवरून जाड दोर खाली सोडलेले असत. त्यांच्या आधाराने जमिनीच्या पोटातला कोळसा वर येई. १९३२ साली हा मनोरा उभा राहिला, तेव्हा रोज १२ हजार टन कोळसा काढायची सोय इथे होती. २३ डिसेंबर १९८६ रोजी ही खाण थांबली.

कुणी म्हणालं असतं, पाडा ते लोखंड आणि भंगारात विका! तसं झालं नाही. २००१ मध्ये युनेस्कोने या खाणीला जागतिक वारसा म्हणून मान दिला, आपल्या अजिंठा-वेरूळला दिलाय ना, तसाच. जिथे कोळसा धुतला जायचा त्या इमारतीत आता संग्रहालय आहे. शेजारच्या कोक भट्ट्यांजवळ उन्हाळ्यात मुलं पोहतात आणि हिवाळ्यात तिथेच बर्फावर घसरगुंडी चालते.

या भागातल्या जुन्या खाणींत एक गमतीची जागा असे. कामगारांची कपडे बदलायची खोली. तिथे कपाटं नव्हतीच. छतावरून साखळ्या लोंबत. आपले कपडे आकड्याला अडकवायचे, साखळी ओढून पार छतापर्यंत चढवायचे आणि खाली कुलूप लावायचं. वरच्या उबेत ओले कपडे वाळत. खाली उतरताना हे लोक एकमेकांना म्हणत, ‘ग्ल्युकाउफ!’ म्हणजे साधारण, सुखरूप वर ये. आणि बरोबरच्या कामगाराला म्हणत ‘कुंपेल’, म्हणजे सोबती. हजार मीटर खोल अंधारात जीव सोबत्याच्याच भरवशावर असतो, नाही का?

१९५७ साली पश्चिम जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींत सुमारे सहा लाख माणसं काम करत होती. पुढच्याच वर्षी चित्र पालटलं. बाहेरून स्वस्त कोळसा आणि खनिज तेल येऊ लागलं. इथला कोळसा फार खोल, तो काढायला महाग पडे. खाणींच्या अंगणात न विकलेल्या कोळशाचे डोंगर साचू लागले. आज आपण कोळसा कमी करायचं म्हणतो ते हवा तापतेय म्हणून. तिथे सुरुवात झाली ती पैशाच्या हिशेबाने. पण कामगारापुढचा प्रश्न दोन्हीकडे एकच, उद्या घरची चूल कशी पेटणार?

आता नीट ऐका हं. १९५१ पासून तिथे एक कायदा होता. कोळसा आणि पोलादाच्या मोठ्या कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या. त्यामुळे खाण कधी आणि कशी बंद करायची, या बोलण्यात खाली उतरणारा माणूसही बसलेला असे. १९६८ मध्ये बहुतेक खाणी मिळून एक कंपनी झाली. एक खाण बंद झाली, की तरुण कामगारांना दुसऱ्या खाणीत घ्यायचं किंवा नवा हुन्नर शिकवायचा. ज्यांनी वर्षानुवर्षं जमिनीखाली काढली, त्यांना पन्नाशीच्या आसपासच घरी बसून पैसे मिळू लागत. एकही खाणकामगार उघड्यावर पडता कामा नये, असा संघटनेचा हट्टच होता. हे सगळं स्वस्तात नाही झालं. सरकारने, म्हणजे पर्यायाने जनतेने, वर्षानुवर्षं पैसा ओतला.

आणि हे कुणी आपणहून ताटात वाढलं, असंही समजू नका. १९९७ साली सरकारने मदतीला मोठी कात्री लावायचं ठरवलं, तेव्हा १४ फेब्रुवारीला सुमारे २ लाख २० हजार माणसं रस्त्यावर उभी राहिली. हातात हात धरून त्यांनी ९३ किलोमीटर लांब साखळी केली! पुणे ते लोणावळा अंतर साधारण पासष्ट किलोमीटर, त्यावरून अंदाज करा. शेवटी २००७ मध्ये ठरलं की २०१८ नंतर सरकारी मदत बंद. म्हणजे अकरा वर्षं आधी सगळ्यांना तारीख ठाऊक होती. बोट्रोप गावातली शेवटची खाण बंद झाली, तेव्हा कोळशाचा शेवटचा खडा कामगारांनी राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला. त्या दिवशी कित्येक धट्ट्याकट्ट्या माणसांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसरा मुक्काम बोखुम. इतक्या दाट वस्तीच्या या मुलखात १९६५ पर्यंत एकही विद्यापीठ चालू नव्हतं, खरं वाटेल? खाणकामगाराचा मुलगा खाणीतच जायचा. १९६५ मध्ये बोखुमचं विद्यापीठ सुरू झालं, १९६८ मध्ये डॉर्टमुंडचं. याच बोखुममध्ये जुन्या खाणींच्या जागेवर मोटारींचा मोठा कारखानाही आला. पण तो २०१४ मध्ये बंद पडला! त्याआधी २००८ मध्ये मोबाइल फोनचा कारखानाही उचलून दुसऱ्या देशात गेला. एका मोठ्या कारखान्याच्या जागी दुसरा आणला, की काम झालं, असं होत नाही.

शेजारच्या गेल्सेनकिर्शेनमध्ये शाल्के नावाचा फुटबॉलचा प्रसिद्ध संघ आहे. मैदानावर येण्याचा खेळाडूंचा रस्ता त्यांनी खाणीतल्या बोगद्यासारखा केलाय. अभिमान अजून टिकून आहे. पण जर्मनीत सर्वांत जास्त बेकारी असलेल्या शहरांत या शहराचं नाव आजही येतं. म्हणजे खाणीतल्या बापाला आधार मिळाला, पण पोरांना गावातच काम मिळेल, ही सोय पूर्ण झाली नाही.

जमिनीचीही अशीच गोष्ट. खालचा कोळसा काढल्यामुळे वरची जमीन खचली, काही ठिकाणी तर वीस मीटरहून जास्त. पंप थांबले तर बऱ्याच वस्त्यांत तळी होतील. म्हणून ते कायमचे चालू ठेवावे लागणार! त्याचा खर्च भागवायला एक वेगळा निधी ठेवलाय. जमीन खचती म्हणून गटाराचे नळ पुरता येत नसत, ते फुटायचे. त्यामुळे शंभराहून अधिक वर्षं एम्शर या नदीचंच उघडं गटार झालं होतं. जवळपास तीस वर्षं खपून जमिनीखालून नवे नळ टाकले आणि २०२१ च्या अखेरीस नदीत सांडपाणी जाणं थांबलं.

आता त्याच देशाच्या पूर्व टोकाला एक धावती भेट. तिथल्या लाउझित्स भागात तपकिरी कोळसा निघतो. १९९० मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाले आणि जुने उद्योग भराभर बंद पडले. १९८९ मध्ये या भागात कोळशाच्या कामावर ऐंशी हजारांच्या आसपास माणसं होती. दहा-अकरा वर्षांत ती दहा हजारांच्या आत आली. इथे ना साठ वर्षं मिळाली, ना अकरा वर्षांची सूचना. तरुण पोरं काम शोधत निघून गेली. होयर्सवेर्डा या गावाची वस्ती १९८० च्या दशकात सत्तर हजारांच्या आसपास होती, आज ती निम्म्याहून कमी आहे. राहायला कुणी नाही म्हणून तिथे इमारती पाडाव्या लागल्या. म्हणूनच २०२० मध्ये जर्मनीने कोळसा उशिरात उशिरा २०३८ पर्यंत सोडण्याचा कायदा केला, तेव्हा अशा भागांसाठी ४० अब्ज युरोपर्यंत मदतीची सोयही केली.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबच्या गोष्टी आम्हाला कशाला? अहो, आपल्या चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुसकडच्या वाचकांना विचारा! तिथे कोळशाच्या खाणी आहेत आणि चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं मोठं वीजकेंद्र आहे. त्या धुराचा आणि धुळीचा त्रास तिथल्या मुलांना रोज होतो आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरची भाकरीही त्याच कोळशावर भाजली जाते. आपल्या देशाने २०७० पर्यंत हवेत भर घालणारा धूर शून्यावर आणायचं २०२१ मध्ये जाहीर केलंय. म्हणजे ऱ्हूरसारखा दिवस इथेही कधीतरी येणार. पक्क्या नोकरीतल्या कामगाराचं नाव कंपनीच्या वहीत असतं. पण कंत्राटी कामगार, कोळशाचा ट्रक चालवणारे काका, खाणीच्या दाराशी चहाची टपरी चालवणाऱ्या मावशी, यांची नावं कुठल्या वहीत शोधायची? त्यांची यादी आतापासूनच करायला नको का?

सुट्टीत एक काम करा. तुमच्या गावात कोळसा, डिझेल, पेट्रोल यांवर पोट असणारे कोण कोण आहेत, ते लिहून काढा. गॅरेजवाले, पंपावर काम करणारे, ट्रकवाले, वीटभट्टीवाले... यादी झाली की ती आईबाबांना दाखवा आणि विचारा, उद्या हे काम थांबलं, तर या माणसाला कोणतं काम शिकवता येईल? आणि हो, त्या माणसालाही विचारायला विसरू नका बरं का!