हंसाच्या चोचीतली जोडी

सगळे तारे पांढरेच असतात, असं तुम्हाला वाटतं का? मग दिवाळीच्या सुट्टीत आईबाबांबरोबर भंडारदऱ्याला जा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातलं, प्रवरा नदीवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. दिवसा धरण आणि कळसूबाईचं शिखर बघा. अंधार पडला की मान वर करा. अमावास्येच्या आसपास संध्याकाळी चंद्राचा त्रासही नसतो.

आम्ही गेलो तेव्हा सोबत सहा इंची आरशाची दुर्बीण होती. पश्चिमेकडे अभिजित आणि श्रवण हे ठळक तारे सापडले. त्या दोघांच्या साधारण मधे हंस तारकासमूहाची चोच आहे. तिथल्या ताऱ्याचं नाव अल्बिरिओ. नुसत्या डोळ्यांना तो एकच ठिपका दिसतो. दुर्बिणीला डोळा लावला, तर चक्क दोन! एक सोनेरी आणि शेजारी छोटासा निळा.

मोबाइल नेत्रिकेपाशी घट्ट बसवून आम्ही फोटो काढला आणि हिरमोडच झाला. दोन पांढऱ्याफटक रेघा! चूक आमचीच होती. भरपूर प्रकाश यावा म्हणून शटर चार सेकंद उघडं ठेवलं होतं. तेवढ्यात पृथ्वी फिरली आणि तारे सरकले. पण रंग कुठे गेले? समजा, पावसात तीन पेले ठेवले आणि तिन्ही काठोकाठ भरले, तर कुठे जास्त पाऊस पडला हे कसं कळणार? कॅमेऱ्याचे लाल, हिरवा आणि निळा हे तीन पेले असेच भरले, की सगळं पांढरं दिसतं.

मग शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकंच उघडलं. हाताचा धक्का लागू नये म्हणून टायमर लावला. आता आले सोनं आणि नीलम!

हे रंग येतात तापमानामुळे. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं. तारे त्याहून तापले की निळे दिसतात. सोनेरी ताऱ्याचं तापमान सुमारे ४,००० अंश आहे, तर निळ्याचं १३,००० अंशांच्या आसपास.

जोडताऱ्याचा पहिला फोटो १८५७ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत निघाला. तो होता आपल्या सप्तर्षींतल्या वसिष्ठाचा!

भंडारदरा लांब पडतं? अल्बिरिओ दुर्बिणीतून शहरातल्या गच्चीवरूनही दिसतो. मात्र फोटोआधी प्रत्येकाने आपल्याला दिसलेले रंग वहीत लिहा. ताईची वही तुमच्याशी जुळते का, बघा बरं!