सहायक क्रियापद

परवा आमच्या गाडीच्या डॅशबोर्डला एक भोक पाडून घेतलं. लायटरच्या शेजारी, पेन्सिल जाईल एवढं. मुलगी म्हणाली, "आई, एवढ्या जुन्या गाडीवर कुणी खर्च करतं का?" गाडी २००४ ची आहे, ह्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. २०१९ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पुन्हा पासिंग करून घेतलं, २०२४ ला आणखी एकदा. म्हणजे सरकारच्या दृष्टीने ती अजून धडधाकट आहे.

गाडीत कंपनीकडूनच बसून आलेला स्टिरिओ आहे. रेडिओ आणि कॅसेट, बस. सीडी नाही, फोन जोडायला जागा नाही. नातवाच्या मते ही पुराणवस्तू. पण मंडळी, आमच्याकडे कॅसेट वाजवू शकणारं हे शेवटचं यंत्र उरलं होतं. घरातल्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झाला, तो केव्हाच भंगारात गेला. आणि माझ्याकडे एक कॅसेट आहे.

त्याचं असं झालं. माझे धाकटे दीर ऐंशीच्या दशकात परदेशी गेले. तेव्हा तिकडे फोन करणं म्हणजे पगाराला खिंडार. पत्रं जायची, पण सासूबाईंना लिहिता येत नसे, म्हणून हे कॅसेट भरून पाठवायचे. तेव्हा पुष्कळ घरांत ही पद्धत होती. त्यातली १९८७ च्या दिवाळीची कॅसेट दिरांनी २०११ साली इकडे आले तेव्हा परत आणून दिली. तीत सासूबाई आहेत, बाराचा पाढा म्हणणारी माझी मुलगी आहे, मागे कुकरची शिट्टी आणि दुसऱ्या पाळीचा भोंगा आहे. बाकी सगळं हेच बोलतात. हे २०१४ ला गेले. त्यांचा आवाज दुसरा कुठे नाही.

तर गेल्या वर्षी मुलीने मला फोनवर व्याख्यानं, जुनी नाट्यगीतं असं पुष्कळ भरून दिलं. ती चाकणला राहते. पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीच्या पुढे गाडी अडकली की अडकली. पुढे कोऱ्या मोटारी लादलेला लांबलचक ट्रेलर, मागे तसाच दुसरा, आणि मध्ये आमचं खेळणं! अशा वेळी फोन मांडीवर धरून ऐकायचं तर वाहनांच्या आवाजात शब्द कळत नाहीत. म्हणून फोन स्टिरिओला जोडायचं मनात आलं.

पहिल्यांदा एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने स्टिरिओकडे बघितलंसुद्धा नाही. "आजी, हा डबा काढून टाकू, स्क्रीन बसवू. ब्लूटूथ, मॅप, मागचा कॅमेरा, सगळं येतं." मी विचारलं, "कॅसेट वाजेल?" तो हसला. वाईट मुलगा नव्हता. त्याच्या जन्माआधीच कॅसेट संपली असेल.

नातवाने दुसरा उपाय आणला. कॅसेटच्या आकाराचीच एक वस्तू, तिला शेपटीसारखी वायर. आत फीत नसते. एक छोटं चुंबकी डोकं असतं, ते स्टिरिओच्या डोक्यासमोर येतं आणि फीत फिरतेय असा त्याला भास करून देतं. कल्पना मला फार आवडली. पण आमचा स्टिरिओ आपोआप बाजू बदलणारा. त्याला वाटायचं की फीत संपली. दर मिनिटाला खटक् करून उलटा फिरायचा. त्या खटक्यांनी यंत्र झिजेल म्हणून मी ती वस्तू परत दिली.

शेवटी आकुर्डीत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करणारा माझा एक विद्यार्थी आठवला. आता त्याचेच केस पिकलेत. "बाई, याला ऑक्स काढून देतो," म्हणाला. ऑक्स म्हणजे काय रे? तर ऑक्झिलरी. मी म्हटलं, अरे, मग सहायक म्हण की! सहायक क्रियापद शिकवलं होतं ना तुला? 'बोलू लागला' यात बोलायचं काम 'बोलू'चं, 'लागला' फक्त शेजारी उभा राहून वाक्य पुरं करतो. तो म्हणाला, "बाई, तेव्हा पण नव्हतं कळलं." :)

स्टिरिओ बाहेर काढून त्याने टेबलावर ठेवला, बारा व्होल्टची बॅटरी आणि एक स्पीकर जोडला. वीज तुटल्यामुळे यंत्राने चार आकडी कोड मागितला. चोराच्या उपयोगी पडू नये म्हणून तशी सोय असते, आणि फार वेळा चुकीचा आकडा घातला तर ते कुलूपच लावून बसतं. गाडीच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ह्यांच्या अक्षरात आकडा सापडला. खाली रेघ मारून लिहिलं होतं, 'विसरू नये'.

मग त्याने मला नीट समजावून सांगितलं. शिक्षक आणि विद्यार्थी उलटे! कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. १९६३ साली फिलिप्सने ही कॅसेट आणली तेव्हापासून हीच मापं. तिच्यावरून डोक्यात येणारा संकेत व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. फोनमधून येणारा त्याच्या शेकडो पट. तो थेट डोक्याच्या वायरीला जोडला तर नुसता फाटका आवाज येईल. म्हणून टेपचा आवाज एकदा मोठा होऊन जिथे रेडिओच्या बरोबरीला येतो, त्या टप्प्यावर फोनला आत घ्यायचं.

पण कुणाच्या वाटेने? टेपच्या वाटेने घेतलं तर फोन ऐकताना आत कॅसेट फिरती ठेवावी लागेल, कारण कॅसेट असल्याशिवाय टेपचा भाग जागा होत नाही. मी म्हटलं, मुळीच नको. मग रेडिओची वाट घेतली. तपकीर गल्लीतून नातवाने एक जॅक आणला होता, त्याच्या आत छोट्या पत्त्या असतात. पिन घातलेली नसेल तेव्हा त्या एकमेकींना टेकलेल्या, रेडिओचा आवाज त्यांतून पुढे जातो. पिन घातली की त्या दूर होतात आणि फोनला वाट मिळते. उपटली की पुन्हा रेडिओ. कुणाला घराबाहेर काढायला नको! (ही पिनेची तऱ्हा जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधली आहे. तिथल्या जाड पिनेची ही धाकटी नात.)

डाग देण्याआधी त्याला मी कॅसेट दाखवली. त्याने ती उजेडात धरली. फीत डोक्यावर दाबून ठेवणारा फेल्टचा बारका तुकडा सुटत आला होता. तो आधी चिकटवला, कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून डोकं पुसलं. आणि म्हणाला, "बाई, आत जायची वाट करतोय तर बाहेर यायची पण करू. दर वेळी वाजवली की फीत थोडी झिजते." टेपच्या वाटेवर दोन तात्पुरत्या वायरी जोडून त्या नातवाच्या लॅपटॉपला लावायच्या छोट्या पेटीत नेल्या.

शेजारी ग्राइंडर चालू होता, तो त्याने बंद करायला लावला. ह्यांचा आवाज आला. पहिलंच वाक्य, "चालू झालं का बघ गं." मला. मागून माझा आवाज, "दिवा लागलाय." बत्तीस-तेहतीस वर्षांचा तो आवाज माझा आहे हे नातवाला पटेना. विद्यार्थी स्टूल पुढे करून बाहेर चहा सांगायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

खरखर आहे. नातू म्हणाला, काढून टाकता येते. मूळ प्रत तशीच ठेवायला सांगितली. खरखरीबरोबर भोंगाही गेला तर?

पहिल्यांदा चाकणला निघालो तेव्हा फोन चार्जिंगला लावला आणि स्पीकरमधून बारीक किणकिण येऊ लागली, इंजिनाबरोबर चढणारी. चार्जर आणि ऑक्स अशा दोन वाटांनी जमिनीची वायर जोडली गेली की असं होतं. मध्ये छोट्या ट्रान्सफॉर्मरची एक डबी घातली, थांबली. आता कॅसेट कपाटात आहे आणि आवाज फोनमध्ये.

नातेवाईक मंडळी, आता तुमच्यासाठी. १९८४ ते ९० च्या दरम्यान आमच्याकडून आणखी कॅसेट गेल्या होत्या. कुणाच्या माळ्यावर असतील तर आधी वाजवून बघू नका. फीत सैल असेल तर पेन्सिलीने गुंडाळा, फेल्टचा तुकडा जागेवर आहे का पाहा, आणि मला पाठवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, डबीत. टपालखर्च मी देईन. विद्यार्थ्याने त्या दोन वायरी अजून जपून ठेवल्या आहेत.