जिवंत माणूस पुरावा नाही?

निवृत्त माणसाला स्मार्टफोन कशाला? बोलायला साधा फोन पुरतो. पण नोव्हेंबर आला की पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आले. अंगठा लावा, काम झाले! मात्र आयुष्यभर झाडू-फावडे धरलेल्या बोटांच्या रेषा झिजतात, यंत्र त्यांना ओळखत नाही. २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला निघतो. पण त्याला स्मार्टफोन लागतो.

माझे बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेतून सफाई कामगार म्हणून निवृत्त झाले. अंगठा उमटेना, तेव्हा बँकेत त्यांना सांगितले, "मुलाला मोबाईल घेऊन आणा." समोर उभा माणूस पुरावा नाही, मोबाईल मात्र पुरावा! कागदी दाखलाही चालतो, हे कुणीच सांगितले नाही.

संविधानाचे कलम ४१ वार्धक्यात सार्वजनिक साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकते. त्यात मोबाईलची अट नाही. ज्याला हवा त्याने फोन जरूर घ्यावा, शिकावा. पण हक्कासाठी त्याची सक्ती नको.

तरुणांनो, नोव्हेंबरमध्ये बुद्धविहारात एक टेबल मांडा. फोन तुमचा, दाखला त्यांचा. आणि कुणी कागदी दाखला नाकारला, तर नकार लेखी मागा.

जय भीम!