न निवडलेला योसेफ

परीक्षेत अनुत्तीर्ण होणे आणि मुलाखतीत न निवडले जाणे, या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसत असल्या तरी त्यांची जात वेगळी आहे. परीक्षेत शंभरपैकी पस्तीस गुण मिळविणारा प्रत्येक विद्यार्थी उत्तीर्ण होतो. शेजारच्या बाकावरील मुलाने नव्वद गुण मिळविले म्हणून याचे पस्तीस कमी होत नाहीत. मुलाखतीत मात्र जागा एक आणि उमेदवार अनेक असतात. तेथे दहाजण उत्तम असले तरी नऊजणांनी रिकाम्या हाताने परत यायचे, हे आधीच ठरलेले असते. आपण मुलांना पहिल्या इयत्तेपासून परीक्षेचे गणित शिकवितो. निवडीचे गणित त्यांना कोणीच शिकवीत नाही. मग एकामागून एक नकार येऊ लागले की ती नकारालाच गुणपत्रिका समजून बसतात.

हे सारे पुस्तकी चिंतन नव्हे. आमच्या कन्येने वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतरच्या चौदा महिन्यांत अकरा मुलाखती दिल्या. प्रत्येक वेळी सकाळी तिची इस्त्री केलेली साडी, प्रमाणपत्रांची फाईल, देवघरासमोरची क्षणभराची प्रार्थना आणि वसई रोडहून सुटणारी गर्दीची लोकल, हा क्रम आम्ही उभयता पाहत आलो. एके ठिकाणी तिला हिशेबाविषयी एकही प्रश्न न विचारता, लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का, एवढेच विचारण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी मुलाखत घेणारे गृहस्थ निम्मा वेळ भ्रमणध्वनीवर बोलत होते. तीन ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत मजल गेली आणि नंतर दोन ओळींचा ई-मेल आला. उरलेल्या ठिकाणांहून तोही आला नाही. आठव्या नकारानंतर ती एवढेच म्हणाली, “आई, परीक्षेत नापास झालं तर कुठे चुकलं ते तरी कळतं. इथे तेही कळत नाही. मग माझ्यातच काहीतरी कमी असणार.”

तिच्या या शेवटच्या वाक्याने आम्ही हादरलो. नोकरी न मिळणे हे दुःख होतेच. पण त्या दुःखातून तिने स्वतःविषयी काढलेला निष्कर्ष अधिक भयावह होता. पुढे तिने रविवारच्या मिस्सेला येण्याचेही टाळायला सुरुवात केली. श्रद्धा ओसरली म्हणून नव्हे. मिस्सा संपल्यावर चर्चच्या प्रांगणात जे चार प्रश्न भेटतात, त्यांच्या भीतीने. “काय गं, कुठे लागलीस की नाही?” विचारणाऱ्यांच्या मनात माया असते, याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु ज्याच्या पायाला जखम आहे, त्याला प्रेमाने दिलेला धक्काही लागतोच.

त्या दिवसांत आमच्या मदतीला पहिल्यांदा धावून आली ती आमच्या गावाकडची फुले. आमच्या वाडवडिलांनी पहाटे वाडीतील मोगरा आणि चाफा खुडून, टोपल्या डोक्यावर घेऊन दादरचा बाजार गाठला आहे. फूल तेच, वाडी तीच, खुडणारा हातही तोच. तरी एके दिवशी भाव चढतो आणि दुसऱ्या दिवशी आवक वाढल्यामुळे टोपली मातीमोल किमतीला द्यावी लागते. म्हणून मोगऱ्याचा वास कमी झाला, असे कोणा शेतकऱ्याने कधी मानले नाही. तो घरी येऊन झाडांना पाणी घालीत असे. बाजाराने केलेली किंमत आणि वस्तूचे मोल यांतील भेद आमच्या अल्पशिक्षित आजोबांना ठाऊक होता. आमच्या पदवीधर मुलांना तो नव्याने समजावून द्यावा लागतो, याला काळाचा महिमा म्हणावे, दुसरे काय!

दुसरी मदत झाली ती पवित्र शास्त्राची. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात एक निवड वर्णिली आहे. यहूदाच्या पतनामुळे बारा प्रेषितांतील एक जागा रिक्त झाली होती. सुमारे एकशेवीस जण जमले असता पेत्राने त्या जागेसाठी पात्रता सांगितली: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंत जो आपल्यासोबत वावरला, असा कोणीतरी हवा. या कसोटीला दोघेजण उतरले. एक मत्थिया आणि दुसरा बर्सबा म्हटलेला योसेफ, ज्याला युस्त असेही नाव होते. मंडळीने प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली.

हा उतारा आपण मत्थियाच्या निवडीचा म्हणून ऐकतो. आम्ही मात्र त्या संध्याकाळी घरी तो वाचला, तो योसेफासाठी. त्याची पात्रता कमी नव्हती. तसे असते तर त्याचे नाव पुढे आलेच नसते. प्रार्थनेत उणेपणा नव्हता, निवडणाऱ्यांच्या मनात कपट नव्हते. तरीही तो निवडला गेला नाही. त्याच्यात अमुक एक वैगुण्य होते, असे शास्त्र एका शब्दानेही सुचवीत नाही. पुढे त्या पुस्तकात त्याचे नाव पुन्हा येत नाही, हे खरे. पण गंमत अशी की, निवडल्या गेलेल्या मत्थियाचेही नाव पुन्हा येत नाही! आणि लगेच पुढच्या अध्यायात पेन्टेकॉस्टच्या दिवशी सारे एकत्र जमले असता त्यांच्यावर पवित्र आत्मा उतरला. त्या मंडळीत योसेफ नव्हता असे मानण्यास आम्हांला काहीच कारण दिसत नाही. प्रेषिताची जागा एकाला मिळाली. अग्नीच्या जिभा मात्र मोजून बारा आल्या नव्हत्या.

कन्येने तो उतारा दोनदा वाचला आणि म्हणाली, “म्हणजे यादीत नाव येणं हीच एक पावती होती तर.” आम्ही होकार दिला. तिच्या बोलण्यात कित्येक दिवसांनी थोडा हलकेपणा आला होता.

केवळ चिंतनाने चूल पेटत नाही, हेही आम्ही जाणून आहोत. म्हणून घरात काही साधे नियम ठरले. मुलाखतीच्या दिवशी कोणी काही विचारायचे नाही; तिला सांगावेसे वाटेल तेव्हा ती सांगेल. एका वहीत प्रत्येक मुलाखतीची तारीख, विचारलेले प्रश्न आणि जेथे अडखळलो ते उत्तर लिहायचे. नकार आला की दुसऱ्या दिवशी आभाराचे चार ओळींचे उत्तर पाठवून, कोठे सुधारणा करावी, असे नम्रपणे विचारायचे. बहुतेकजण उत्तर देत नाहीत. परंतु एका बाईंनी दिले. जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचा सराव वाढवा, असे त्यांनी सुचविले. त्या एका ओळीने तीन महिन्यांच्या अभ्यासाला दिशा मिळाली. आणखी एक नियम असा की, नोकरी देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, त्याच्या दारात पाऊल ठेवायचे नाही. थकलेल्या उमेदवाराला फसविणे सोपे असते, हे अशा लोकांना पक्के ठाऊक असते.

द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. आमच्या भागातील नाक्यांवर सकाळी मजूर उभे असतात, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे तो दाखला अधिक समजतो. मालक अकराव्या तासाला पुन्हा बाहेर पडतो तेव्हा काहीजण अद्याप तेथेच उभे असतात. दिवसभर रिकामे का, या प्रश्नाला त्यांचे उत्तर सरळ आहे: कोणी कामावर लावलेच नाही. मालक त्यांना आळशी म्हणत नाही, उपदेशही करीत नाही. तो काम देतो आणि संध्याकाळी पूर्ण दिनार हातावर ठेवतो. काम तासाभराचे झाले तरी घरातील भूक पूर्ण दिवसाची आहे, हे जणू त्याला कळते. दिवसभर नाकारले जाऊनही जे नाक्यावरून हलले नाहीत, त्यांच्या त्या उभे राहण्यालाही प्रभूने आपल्या दाखल्यात जागा दिली, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच वाटेने जाते. पोप बाराव्या पायस यांनी १९५५ साली कामगार संत योसेफाचा सण १ मे या दिवशी सुरू केला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ या परिपत्रकात मानवी श्रमाविषयी विवेचन करताना, काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, हा विचार मांडला आणि बेकारीला समाजाचे दुखणे मानले. काम मिळण्यापूर्वीही माणूस पूर्ण माणूसच असतो, एवढे जरी आपण यातून उचलले, तरी पुष्कळ झाले.

संतांच्या मांदियाळीतही एक वारंवार नाकारला गेलेला योसेफ आहे. १७४८ साली फ्रान्समध्ये जन्मलेला बेनेडिक्ट जोसेफ लाब्र मठवासी होण्याच्या ओढीने एकामागून एक मठांची दारे ठोठावीत राहिला. कोठे वय आडवे आले, कोठे प्रकृती. कोठे प्रवेश मिळाला, पण टिकला नाही. शेवटी तो पायी यात्रा करीत रोमला गेला, गरिबांत राहिला आणि पवित्र साक्रामेंतासमोर तासन् तास गुडघे टेकून बसू लागला. १७८३ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो निवर्तला. १८८१ साली ख्रिस्तसभेने त्याला संतपद बहाल केले. आमच्या मुलांनी भिक्षापात्र हाती घ्यावे, असे आम्ही सुचवीत नाही. दारे बंद झाली तरी बोलावणे रद्द होत नाही, एवढेच त्याचे चरित्र सांगते.

आमची कन्या सध्या एका वकिलांच्या कचेरीत सकाळचे चार तास हिशेब लिहिते; वेतन बेताचे आहे आणि पूर्णवेळ नोकरीसाठी तिचे अर्ज चालूच आहेत. बारावी मुलाखत येत्या महिन्यात आहे. ती रविवारी पुन्हा मिस्सेला येते, वाचनही करते. वाचकहो, आपल्या धर्मग्रामात असा एखादा योसेफ किंवा अशी एखादी कन्या आपल्याला भेटलीच, तर “लागलीस का?” असे विचारण्याऐवजी “कशी आहेस?” असे विचारावे. आपल्या माहितीत एखादी जागा असेल तर तिचा पत्ता द्यावा आणि ती नसेल तर चहाला बोलवावे. निवड करणे आपल्या हाती नाही. पण न निवडलेल्यांना आपल्यात धरून ठेवणे पूर्णपणे आपल्या हाती आहे. पेन्टेकॉस्टपूर्वी त्या एकशेवीस जणांच्या मंडळीने योसेफासाठी एवढे तरी नक्कीच केले असेल.