नवी प्रणाली, जुनी अक्षरे

२०२५ सालच्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी एक लहानसे सत्तांतर घडून आले. पडवीलगतच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर जो संगणक अकरा वर्षे निमूटपणे राबत होता, त्याचा कारभार एका हातातून दुसऱ्या हाती गेला. आरडाओरड झाली नाही की शेजाऱ्यांना पत्ता लागला नाही. परंतु त्या चार दिवसांत आम्हाला जी धाकधूक वाटली, ती आमच्या बी. ए.च्या निकालाच्या दिवशीही वाटली नव्हती. ती का वाटली हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

संगणक म्हटला की आपणांस त्याचा पडदा दिसतो, कळफलक दिसतो. पण या साऱ्यांकडून काम करवून घेणारा एक अदृश्य कारभारी आत बसलेला असतो. त्याचे नाव ऑपरेटिंग सिस्टिम. मराठीत तिला कार्यप्रणाली म्हणतात. आमच्या गावच्या जत्रेतील नाटकाचेच उदाहरण घ्या. प्रेक्षकांना राजा दिसतो, सेनापती दिसतो, विदूषक दिसतो. पण पडदा केव्हा ओढावयाचा, कोणी केव्हा प्रवेश करावयाचा, लाकडी तलवार कोणत्या पेटीत आहे, हे सारे सांभाळणारा एक गृहस्थ विंगेत उभा असतो. तो कधी रंगमंचावर येत नाही. पण त्या रात्री तो तापाने आडवा झाला, तर राजाला मुकुट मिळत नाही. कोणत्या कामाला किती स्मृती द्यावयाची, कोणती फाइल हार्ड डिस्कवर कोठे ठेवावयाची, छपाईयंत्राला निरोप कसा पोहोचवावयाचा, ही विंगेतील सारी कामे कार्यप्रणाली करते.

आमच्या संगणकात आजवर विंडोज १० नांदत होती. ही प्रणाली २०१५ साली बाजारात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिच्या निर्मात्यांनी तिची नित्याची देखभाल थांबविली. म्हणजे संगणक त्या दिवशी बंद पडला असे नव्हे. तो पूर्ववत चालू होता. पण घराच्या भिंतीला नवे भोक पडले तर ते बुजविणारा गवंडी यापुढे येणार नव्हता. इंटरनेटला जोडलेल्या संगणकात अशी भोके नित्य सापडतात आणि चोर ती शोधतच असतात.

तिची धाकटी बहीण विंडोज ११ हिला घरात आणावे, तर तिच्या अटी कडक. ठरावीक प्रतीची सुरक्षा-चिप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. आमचा २०१४ सालचा संगणक पडला चौथ्या पिढीचा. वधूपक्षाने वराचे वय पाहूनच नकार कळवावा, तसे झाले.

बाजारातील एका दुरुस्तीच्या दुकानात आम्ही सल्ला विचारला. दुकानदाराने दोन मार्ग सांगितले. पहिला, नवा संगणक घ्यावा. दुसरा त्याने आवाज किंचित खाली आणून सांगितला: "मास्तर, ठेवून जा. सगळे पुसून फॉरमॅट मारतो, अकरा नंबर कसेतरी आत बसवितो. परवान्याचे पैसे नकोत." आता, वर्गात 'चोरी करू नये' हा धडा शिकवावयाचा आणि घरी चोरीची प्रणाली चालवावयाची, हे आमच्याने होण्यासारखे नव्हते. पण खरे सांगावयाचे तर, आम्ही त्या दुकानातून मागे फिरलो ते केवळ नीतीमुळे नव्हे. 'सगळे पुसून' हे दोन शब्द आमच्या कानात अडकून राहिले.

घरी येऊन आम्ही ही हकीकत आईला सांगितली. ती तांदूळ निवडीत बसली होती. मान वर न करताच ती म्हणाली, "हातूंत तुज्या बाबान बरयल्लें आसा, पुता. तें वचपाक फावना."

आमचे वडील कचेरीत कारकून होते. मराठी टंकलेखन यंत्रावर त्यांची बोटे अशी चालत की, ऐकणाऱ्यास पावसाची सर आल्याचा भास व्हावा. पण त्यांचा खरा जीव नाटकात. आमच्या घरची भाषा कोंकणी. आई-बाबांचे प्रेम आणि भांडण दोन्ही कोंकणीत. तथापि गोव्यातील कितीतरी गावांप्रमाणे आमच्याही गावी देवळाच्या जत्रेला नाटक व्हावयाचे ते मराठीच, आणि त्यासाठी बाबा मराठीतून लिहीत. त्यांनी सात नाटके लिहिली. हस्तलिखित वह्या पावसाळ्यातील बुरशीने आणि वाळवीने खाल्ल्या. म्हणून २००४ साली त्यांनी पहिला संगणक घेतला, टंकलेखन यंत्राच्या ठेवणीचे मराठी फॉन्ट विकत आणले आणि जुनी-नवी नाटके एकेक करून त्यात उतरविली. २०१४ साली दुसरा संगणक आला तेव्हा फाइली आणि फॉन्ट त्यात आणविले. २०१९ साली बाबा गेले. ते वाळवीपासून निर्धास्त होऊन गेले असावेत, असे आम्हाला वाटे.

अखेर आम्ही तिसरा मार्ग धरला. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या संगणकासाठी एका कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि तो जगापुढे खुला केला. त्यापूर्वी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' या नावाने मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला होता. या दोन प्रवाहांच्या संगमातून जी कुळे निघाली, त्यांना सामान्यतः लिनक्स म्हणतात. येथे 'मुक्त' म्हणजे केवळ फुकट नव्हे. ती प्रणाली कशी चालते हे पाहण्याची, ती बदलण्याची आणि शेजाऱ्याला तिची प्रत देण्याची मोकळीक, असा तिचा अर्थ. दुकानदाराने जे चोरून देऊ केले, ते येथे राजरोस मिळत होते. केरळातील शाळांतून मुले अशाच मुक्त प्रणालीवर संगणक शिकतात, हेही आमच्या ध्यानात होते. लिनक्सच्या अनेक कुळांतून आम्ही 'मिंट' निवडली आणि तिचाही 'एक्सएफसीई' हा कमी खाणारा प्रकार घेतला. कारण आमच्या संगणकाची स्मृती चारच जीबी. या आवृत्तीची देखभाल २०२९ सालापर्यंत होणार आहे.

सुमारे तीन जीबीची ती एकच फाइल आम्ही उतरवून घेतली. वाटेत तिच्यात भेसळ झाली नाही ना, हे पाहण्याची एक सुंदर रीत आहे. निर्माते त्या फाइलीवरून गणिताने काढलेली चौसष्ट चिन्हांची एक माळ प्रसिद्ध करतात. आपल्याकडील फाइलीवरून तीच माळ निघाली तर माल अस्सल; एक मणी जरी वेगळा निघाला तरी ती फाइल टाकून द्यावी. आमच्या पाचवीतील कन्येने ती माळ मोठ्याने वाचली, आम्ही पडद्यावरील माळेवर बोट ठेवून ताडून पाहिली. मग ती फाइल एका पेनड्राइव्हवर विशिष्ट पद्धतीने उतरविली आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला.

या प्रणालीचा एक मोठा गुण येथे सांगितला पाहिजे. घरातील काहीही न हलविता ती आधी वापरून पाहता येते. भाताचे शीत चेपून पाहावे, तसे. पडदा उजळला, माऊस हलला, इंटरनेट जोडले गेले. आम्ही विजयी मुद्रेने आईला हाक मारली आणि बाबांच्या पहिल्या नाटकाची फाइल उघडली.

पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, टिंबे, कंस, डॉलरची चिन्हे यांची पानेच्या पाने पसरली होती. आई क्षणभर पाहत राहिली आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली. आमच्या तोंडचे पाणी पळाले.

त्या रात्री आम्ही जे शिकलो, ते विद्यार्थिमित्रांनी नीट समजून घ्यावे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. बाबांचे फॉन्ट ज्या काळचे होते, त्या काळी रोमन अक्षरांच्या घरांतच मराठी अक्षरे पोटभाडेकरू म्हणून राहत. आकडा रोमन अक्षराचाच. फक्त त्यावर फॉन्ट मराठी अक्षराचा मुखवटा चढवी. मुखवटा हरवला की आतले रोमन तोंड दिसू लागे. १९९१ सालीच, म्हणजे लिनक्सच्या जन्मवर्षीच, युनिकोड नावाच्या व्यवस्थेची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला स्वतःची १२८ घरे मिळाली. त्यात 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५. विंडोज असो, लिनक्स असो वा खिशातील फोन असो, सर्वत्र तोच.

म्हणजे बाबांची नाटके नाहीशी झाली नव्हती. मुखवटा तेवढा मागे राहिला होता. तो जुन्या प्रणालीच्या फॉन्टांच्या फोल्डरात सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्या प्रणालीत बसविताच पहिल्या अंकाचा पडदा उघडला. आईने चष्मा पुसला आणि नांदी मोठ्याने वाचली. दुकानदाराच्या हाती संगणक ठेवून आलो असतो, तर त्या फॉन्टांसकट नाटकेही पुसली गेली असती, या विचाराने आजही आमच्या अंगावर काटा येतो.

मग मात्र आम्ही घाई केली नाही. सर्व फाइली आणि फॉन्ट बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरविले, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर केली, तिसरी पणजीस बहिणीकडे धाडली. प्रत्येक प्रत उघडून पाहिली. कारण न उघडलेली प्रत म्हणजे केवळ समजूत. त्यानंतरच 'डिस्क पुसून प्रणाली बसवा' या पर्यायावर बोट ठेवले. अर्ध्या तासात काम झाले. सारेच गोड झाले असे मात्र नव्हे. छपाईयंत्राने दोन दिवस असहकार पुकारला, आणि एक प्रोग्राम नव्या प्रणालीत चालत नसल्याने ते काम आम्ही आता शाळेच्या संगणकावर उरकतो.

मुखवट्याच्या भरवशावर किती दिवस राहावयाचे, म्हणून आम्ही नाटके युनिकोडमध्ये आणावयास घेतली. अक्षरे बदलणारे प्रोग्राम मिळतात. पण ते आपल्या लिपीच्या दोन खोड्यांपाशी अडखळतात. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण उच्चार नंतर करतो. रफार उच्चारात आधी येतो, पण तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. बाबा टंकलेखन यंत्राच्या सवयीने जसे दिसते तसे टंकीत. युनिकोड जसे उच्चारतो तसे साठविते. परिणामी कोठे कोठे 'धर्म'चा 'धमर्' झाला. कन्या वाचते, आई कान देते, आम्ही दुरुस्त करतो. अशी चार नाटके पुरी झाली. आजी आणि नात यांच्यात शुद्धलेखनावरून वाद होतात. निवाडा आमच्याकडे येतो, आणि तो दोघींनाही मान्य नसतो.

एका नाटकाचा तिसरा अंक मात्र अजून रोमन चिन्हांतच आहे. तो बाबांनी निराळ्याच फॉन्टात टंकला होता आणि तो फॉन्ट २०१४ च्या स्थलांतरात कोठेतरी गळाला. आम्ही हताश झालो होतो. तोच आईने सुचविले की, त्या नाटकाला प्रॉम्प्टर म्हणून बसलेले काका गावातच आहेत. वय पंचाहत्तरच्या पुढे. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळे मिटले आणि सेनापतीचे अखेरचे भाषण, कोणता नट कोठे अडखळे त्या जागांसकट, म्हणून दाखविले. आम्ही ते उतरवून घेतले. पण मधले दोन प्रवेश त्यांनाही आठवले नाहीत.

ती फाइल आम्ही पुसलेली नाही. तिच्यातील एकही आकडा हरवलेला नाही, हे आम्हाला ठाऊक आहे; केवळ मुखवटा हवा आहे. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर वीस वर्षांपूर्वीचा, मराठी टंकनासाठी वापरलेला संगणक धूळ खात पडला असेल, तर तो भंगारात घालण्यापूर्वी एकवार आम्हाला सांगा. आम्ही पेनड्राइव्ह घेऊन येऊ. त्यात आमचा हरवलेला फॉन्ट असेल किंवा नसेलही. पण तुमच्याही आजोबांनी त्यात काही लिहून ठेवले असेल, तर ते आपण मिळून उघडून पाहू.