निकाल वाचण्याआधी हजेरीपत्रक बघा
आपल्या झेडपी शाळेचा सहावी-आठवीचा निकाल कालपासून ग्रुपवर फिरतोय. 'सरकारी शाळा, दुसरं काय होणार!' मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, म्हणून बोलतो.

आपला बीड जिल्हा. दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापामागं उसाच्या फडावर. परत येणार मार्च-एप्रिलला, परीक्षेच्या तोंडावर. ऐपतवाल्यांची पोरं पिवळ्या बसनं तालुक्याला जातात. उरतात ऊसतोड मजुरांची लेकरं, त्यात मुली जास्त, कारण फी भरायची ती मुलासाठी. (रागावू नका, खरंय ते.)

२०१९ च्या दुरुस्तीनं आठवीत, फेरपरीक्षेतही नापास झाला तर त्याच वर्गात ठेवता येतं. मुलगी मागं राहिली तर पुढच्या हंगामात तिच्या हाती कोयता, नाहीतर हळद.

हंगामी वसतिगृह दिवाळीआधी सुरू झालं, तर पोरं आजीपाशी राहून शाळा करतात. उशिरा झालं की गाडी निघून गेलेली असते. कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक हवेत, पण हंगामात तेच फडावर! म्हणून प्रस्ताव ऑगस्टमध्येच लिहू. ज्यांची कोयत्याची उचल ठरलीय, त्यांनी पोरांची नावं माझ्याकडं किंवा मोठ्या गुरुजींकडं द्या.