करपलेलं आदण

आमचे आबा गुळव्या होते. गारगोटीच्या आसपासची गुऱ्हाळं पेटली की त्यांना घरात बसू देत नव्हते. काहिलीत पाक फुटायला लागला की आबा थोडा पाक पाण्यात सोडायचे, बोटांनी गोळी करायचे आणि म्हणायचे, "उतरा." त्या एका शब्दावर आदण तरायचं. घड्याळ नाही की मोजमाप नाही.

एके साली त्यांच्या हातनं आदण करपलं. पाक काळा पडायला लागला तरी आबा गप्प उभे. मी म्हटलं, "आबा, उतरायचं न्हवं?"

"काय उतरायचं?"

जळव्या हसला. मीबी हसलो. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण आबांची साठीबी झाली नव्हती.

खुणा आधीच दिसत होत्या. रात्रीत चार-पाच वेळा उठायचे, तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचे. गोठ्यामागं लघवीच्या जागेवर मुंग्या लागायच्या. आई म्हणायची, "गुळातला माणूस, मुंग्या लागणारच." पुढं पायाची जखम भरंना म्हणून तपासलं, तेव्हा साखर निघाली. तोवर नातवंडांची नावं एकमेकांत मिसळायला लागली होती. शेवटच्या वर्षी मला ओळखत नव्हते, पण खाटेवर बसून दोन बोटं एकमेकांवर चोळत राहायचे.

मला साखर निघाली तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. गोळ्या चालू केल्या आणि निर्धास्त झालो. मग दहा वर्षांनी ती रात्र आली. त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. संध्याकाळची गोळी घेतली, "आल्यावर जेवतो" म्हणून सांगितलं आणि वेदगंगेकडच्या उसात पाणी पाजायला गेलो. तासाभरानं थंडीतबी घाम सुटला, हात कापायला लागले. आणि माझ्याच रानात मला बांध सापडंना. कुठल्या सरीत पाणी सोडलंय, घर कुठल्या अंगाला, काही कळंना. खिशात मोबाईल वाजत होता, पण तो कसा उचलायचा हेच सुचंना.

त्या वाजण्यावरनंच पोरानं मला उसात हुडकलं. मोटरीच्या खोपीत गड्यांसाठी गूळ ठेवलेला असतो, त्यातला खडा त्यानं तोंडात घातला. मी तो गिळला, एवढी तरी शुद्ध होती. पंधरा-वीस मिनिटांत रान जिथल्या तिथं आलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं. मेंदू वजनानं शरीराच्या 2 टक्के, पण खातो जवळजवळ 20 टक्के. आणि त्याच्याकडं कणगी नाही, रोज आणायचं आणि रोज खायचं. रक्तातली साखर एकदम खाली आली की सगळ्यात आधी त्याची उपासमार होते. आणि साखर वर्षानुवर्षं वर राहिली तर बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. मला ठिबकची नळी आठवली. क्षार धरून चोंदते, आणि शेवटच्या रोपाला पाणी पोचंना झालं की कळतं. साखरवाल्यांना पुढं विसराळूपणाचा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हेही ते बोलले. त्यांनी तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली, गोळी बदलली आणि बी-12 बघायला सांगितलं. साखरेची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं, आणि त्यानंबी विसरायला होतं. आम्ही मटणवाली माणसं, मी म्हटलं आमचं कसं कमी असंल? तर निघालं कमीच. इंजेक्शनं घ्यावी लागली.

उठताना मी आबांचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "साखरेमुळंच, असं आता कसं सांगू? पण साखर लवकर सापडली असती तर बरं झालं असतं."

घरी येईपर्यंत माझ्या कानात जळव्याचं हसणं होतं. आणि माझंबी.

आता बायको दारातच आडवी होते, "जेवलासा न्हवं? मगच जावा." रानात जाताना खिशात गुळाचा खडा असतो. परवा तो भांगलणीच्या बायकांना दिसला. "तात्या, साखरंच्या माणसाच्या खिशात गूळ?" म्हणून सगळ्या हसल्या. मी त्यांना हसू दिलं.